चांदनीचं सेटिंग

रमशा : …मग फहाद म्हणाला, खुर्चीवरून ऊठ. आणि ती उठली नाही, अब्बा. तेवढंच सांगायला मी काउंटर सोडून आलेय.

अब्दुल : कोण उठली नाही? आधी बस. पंखा लाव. तुझं अर्धं बोलणं जिन्यातच राहिलं.

रमशा : मनिषा. दुकानातली आपली मनिषा. फहादनं तिला कामावरून काढलं आणि ती जागची हलायला तयार नाही. त्यानं शटर अर्धं खाली ओढलंय. बाहेर सहा मुली फॉर्मच्या फोटोसाठी उभ्या आहेत आणि आत ती मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसलीय.

अब्दुल : मनिषा? ती पोरगी पाच वर्षांत माझ्यापुढे कधी आवाज चढवून बोलली नाही.

रमशा : आजही चढवला नाही. चढवला असता तर फहादला सोपं गेलं असतं.

अब्दुल : हे बघ बेटा, गुडघे गेले त्या दिवशी मी दुकान तुझ्या भावाच्या हातात दिलं. आता त्याच्या कारभारात मी नाक खुपसणार नाही. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, त्याचं तो बघेल.

रमशा : नका खुपसू. पण ऐकून तरी घ्या. तिला तुम्हीच ठेवलं होतं. पडघ्याच्या पुढच्या पाड्यावरची, बारावी झालेली, अल्बमची पानं चिकटवायला. दोन महिन्यांत तिचं लक्ष चिकटवण्यातून उडालं आणि मशीनकडे गेलं. फहाद प्रिंट काढायचा आणि ही मागे उभी राहून बघायची, पडद्यावरची साडी राणी कलरची, मग कागदावर ती लाल कशी झाली. तिला ते खुपायचं. मी म्हणायचे, अगं, गिऱ्हाईक काय साडी घेऊन येतंय का ताडून बघायला. ती म्हणायची, गिऱ्हाईक न्हाय बघत, पण मी बघितलं ना. डबा खाता खाता मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं शिकली. नव्या मॉनिटरबरोबर एक यंत्र आलं होतं, ते दोन वर्षं खोक्यातच पडून होतं. एका जुम्म्याला तुम्ही सगळे नमाजला गेलात तेव्हा तिनं ते बाहेर काढलं.

अब्दुल : ते माउससारखं? पडद्यावर लटकवतात ते?

रमशा : तेच. ते लावलं की पडदा एकामागून एक रंग दाखवतो आणि यंत्र मोजून सांगतं, हा खरं दाखवतोय की खोटं. आपला पडदा खोटं दाखवत होता. निळसर, आणि उजेड गरजेपेक्षा दुप्पट. त्याच्यावर बघून आम्ही इतकी वर्षं फोटो सुधारत होतो. तिनं तो ताळ्यावर आणला. मग कागदांच्या मागे लागली. चकचकीत कागद शाई एका तऱ्हेनं पितो, मॅट कागद दुसऱ्या तऱ्हेनं. तिनं रंगांच्या चौकोनांचा तक्ता प्रत्येक कागदावर छापला आणि कागद विकणाऱ्याकडे पाठवून दिला. त्यानं तो मोजून प्रत्येक कागदाची एकेक फाइल परत पाठवली. प्रोफाइल म्हणतात त्याला. ती मशीनला दिली की मशीनला कळतं, या कागदावर राणी कलर आणायचा तर कुठली शाई किती सोडायची.

अब्दुल : म्हणजे आमची टेस्ट स्ट्रिप. नवी पेटी उघडली की आम्ही आधी एक पट्टी काढून बघायचो. पेटी बदलली की कागदाचा मिजाज बदलायचा.

रमशा : तीही तेच म्हणते. म्हणते, हा कागदाचा स्वभाव लिहून ठेवलेला हाय.

अब्दुल : मग यात भांडण्यासारखं काय आहे? कामच चांगलं केलं तिनं.

रमशा : तिथवर भांडण नव्हतंच. राणी कलर राणी यायला लागला, फहाद खूश. भांडण चांदनीवरून झालं.

अब्दुल : ही कोण आणखी?

रमशा : कोण नाही, सेटिंग आहे. फहादनं बनवून घेतलेलं. ते फोटोतला चेहऱ्याचा रंग शोधतं आणि तेवढाच दोन पायऱ्या वर उचलतं. लग्नाच्या अल्बमसाठी आणलं होतं. मग दर वेळी बटण कोण दाबणार, म्हणून फहादनं ते कायमचंच चालू करून ठेवलं. शाळेचं ओळखपत्र असो, पासपोर्ट असो, फाइल चांदनीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. वर मशीनचं स्वतःचं एक ऑटो असतं, तेही चालू. एकदा कॉम्प्युटर गोरं करणार, त्याच्यावर मशीन गोरं करणार. मनिषानं तीनदा सांगितलं फहादला. तो म्हणाला, मला काळं दाखवा म्हणून आजवर कोणी गिऱ्हाईक भांडलंय का.

अब्दुल : खोटं काय बोलला? नाहीच भांडत कोणी.

रमशा : आली एक. सोमवारी.

अब्दुल : कोण?

रमशा : मेघाली नाव तिचं. मनिषाच्या पाड्यापासून दोन टेकड्या पलीकडची. दोघींची ओळखसुद्धा नव्हती. वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरायला दोन महिन्यांमागे आपल्याकडून फोटो काढून गेली होती. वर्षभर हायवेच्या कडेनं धावून तयारी केलेली. मैदानावर पोचली, तर प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोर उभी असलेली मुलगी, दोन्ही जुळेनात. तिथल्या बाईंनी एकदा कागद बघितला, एकदा हिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ही तू नाहीस. दुसऱ्याच्या नावावर धावणारे येतात तिथे, तेव्हा त्यांचंही चुकलं असं कसं म्हणणार. बाजूला उभं केलं तिला. तिनं आधार दाखवलं, तर त्यावरचा फोटो लहानपणचा. अंगठा द्यायला गेली, तर वीटभट्टीवर काम करून अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, मशीन घेईना. गावातला कोणी ओळखीचा उमेदवार शोधून आणला, ही तीच म्हणून त्यानं कागदावर लिहून दिलं, तेव्हा कुठे सोडली. सकाळी सातला धावायचं ते दुपारी साडेबाराला धावली. उपाशी.

अब्दुल : पण धावली ना.

रमशा : धावली. वेळेत पोचली की नाही ते यादी लागेल तेव्हा कळेल.

अब्दुल : मग दुकानात येऊन तमाशा केला असेल.

रमशा : तसं झालं असतं तर मी सांभाळलं असतं, अब्बा. सवय आहे मला. तिनं तो फोटो काउंटरवर ठेवला आणि विचारलं, हा कोणी काढला. मी काही बोलायच्या आत मनिषा आतून उठून आली. मेघालीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि एवढंच म्हणाली, "तू तर आमच्यातलीच दिसतेस. तुला दिसलं न्हाय?"

अब्दुल : काय सांगितलं मग हिनं? मालकाचं सेटिंग आहे म्हणून?

रमशा : तसं म्हणता आलं असतं. मी तेच म्हणणार होते. ती म्हणाली, "दिसलं होतं."

अब्दुल : हं.

रमशा : त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. मागच्या जिन्यावर बसली होती, मी जाऊन शेजारी बसले. मग हळूहळू बोलली. म्हणाली, तीन वेळा सांगितलं आणि गप्प बसले, म्हणजे तीन वेळा मीच हो म्हटलं. तिला तिचा स्वतःचा फोटो आठवत होता. दुकानाच्या ओळखपत्रासाठी फहादनंच काढलेला, चांदनीतून गेलेला. तिच्या आईनं तो मोठा करून घरात लावलाय. आणि तिला स्वतःलाही तो आवडला होता. हे सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, रमशाताई, मना तो इतका आवडला होता की मी आरशात बघायचं सोडलं होतं.

अब्दुल : पुढे?

रमशा : पुढे मंगळवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि चांदनी बंद केली. मशीनचं ऑटोही बंद केलं. मेघालीला बोलावून तिचा फोटो पुन्हा काढून दिला, फाइलसकट. आणि दुकानाच्या काचेवर कागद लावला, की इथे फोटोत तुमचा चेहरा तुमच्यासारखाच येईल.

अब्दुल : माझ्या दुकानाच्या काचेवर? फहादला न विचारता?

रमशा : फहाद सुरतला होता, कालपर्यंत.

अब्दुल : तरी ही हिंमत नाही, आगाऊपणा झाला. असलं काही लिहायचं तर मालकाला विचारायला नको?

रमशा : लिहिलं मी, अब्बा. तिचं अक्षर बरं नाही.

अब्दुल : तू?

रमशा : मी. काळ्या मार्करनं. रागवायचं तर मलाही रागवा. दोन दिवस काही बिघडलं नाही. पॉवरलूमवर काम करणारे दोघे व्हिसाचे फोटो काढून गेले, त्यातला एक फोटो बघून हसला, म्हणाला, अरे, ये तो मैं हूँ. काल्हेरच्या गोदामातल्या मुली आल्या, त्यांच्यातली एक नाराज झाली, नाही असं नाही. तिनं विचारलं, जरा उजळ नाही का होणार. मनिषा म्हणाली, तू सांगतेस तर करते, पण तुझ्यासमोर करते, किती ते तू सांग. मुलीनं पडद्यावरचा आपला चेहरा नीट बघितला. मग म्हणाली, राहू दे.

अब्दुल : मग आज काय झालं?

रमशा : आज कुणाल आला. पडघ्याचा फोटोग्राफर, निम्म्या तालुक्याची लग्नं करतो तो. कशेळीच्या एका लग्नाचे अल्बम आपल्याकडे आहेत, त्याची पहिली पानं बघायला आला. पान उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, हे काय, नवरी सावळी आलीय. मनिषा म्हणाली, नवरी सावळीच हाय. तुम्हीच काढलाय ना फोटो. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, पण तिच्या घरचे मला दारात उभं करणार नाहीत. आणि फहादला बोलावून घेतलं. फहादनं काचेवरचा कागद तेव्हाच पहिल्यांदा वाचला.

अब्दुल : झालं.

रमशा : त्यानं कागद फाडला. म्हणाला, सेटिंग चालू कर, आत्ता, माझ्यासमोर. ती म्हणाली, एका फोटोला करायचं असेल तर हातानं करते, पण जिचा फोटो तिनं सांगितलं पाहिजे. कुणालकडे वळून म्हणाली, नवरीला फोन लावा, तिला विचारा. आणि अब्बा, कुणालकडे नवरीचा नंबरच नव्हता. सगळं बोलणं तिच्या सासऱ्याशी झालेलं. फहादला तो अपमान सहन झाला नाही. म्हणाला, हे दुकान कोणाचं आहे? ती म्हणाली, "दुकान तुमचं. हात माझा हाय."

अब्दुल : असं म्हणाली?

रमशा : असंच, आणि हळू आवाजात. फहाद म्हणाला, मग तो हात घेऊन चालती हो. ती म्हणाली, माझी ड्युटी सातपर्यंत हाय, बाहेर मुली उभ्या हायेत, त्यांच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख हाय. त्या मुली मेघालीनंच पाठवल्यात. मग तो म्हणाला खुर्चीवरून ऊठ, आणि ती उठली नाही. कुणाल म्हणाला, मी माझे सगळे अल्बम ठाण्याला नेतो. गेला तो. फहादनं शटर ओढलं. तो घाबरलाय, अब्बा, म्हणून ओरडतोय. कुणाल गेला की बाकीचे फोटोग्राफर जातील असं त्याला वाटतंय. जातीलही.

अब्दुल : आणि तुला वाटतं, मी फहादला सांगावं की तिचं ऐक.

रमशा : अजून एक राहिलंय. सांगू की नको, तेच कळत नाहीये.

अब्दुल : सांग. एवढं सांगितलंस.

रमशा : फहाद तिला म्हणाला, हे दुकान अब्बांनी याच्यावरच उभं केलं. लोक म्हणायचे, अब्दुलमियांकडे मुलगी गोरी येते. शोकेसमधल्या अम्मीच्या फोटोकडे हात केला त्यानं. म्हणाला, हा बघ, बाहेरगावच्या बायका आजही येऊन सांगतात, आमचा असा काढा. तू काय त्यांच्यापेक्षा शहाणी झालीस?

अब्दुल : मग?

रमशा : ती म्हणाली, चाचांनी केलं ते एकेक माणूस समोर बसवून केलं. पण तेही चुकलं असेल तर चुकलं.

अब्दुल : चुकलं? ती पोरगी मला शिकवणार? तुला ठाऊक आहे तो फोटो कसा झालाय? लग्नाला महिना झाला होता. मी अख्खा दिवस डार्करूममध्ये उभा होतो. पुठ्ठ्याचा तुकडा तुझ्या अम्मीच्या चेहऱ्याएवढा कापला, तारेला लावला आणि एन्लार्जरच्या उजेडाखाली धरून हलवत राहिलो. चेहऱ्यावर सावली धरली की कागदावर तेवढा भाग उजळ राहतो. जरा हात थांबला की कड दिसते. सतरा कागद वाया गेले. अठराव्याला जमलं. बटण दाबून नाही केलं मी. जीव ओतून केलं. आणि तिला म्हणे चुकलं.

हबीबा : तो फोटो माझा नाही.

अब्दुल : तू कधीपासून उभी आहेस तिथे?

हबीबा : पुठ्ठा कापलात तेव्हापासून. त्या सतरा कागदांतला पहिला कसा आला होता?

अब्दुल : पहिला? पहिला साधाच. काही न करता काढलेला. अंदाज घ्यायला.

हबीबा : मग माझा तो होता. तो टाकलात.

अब्दुल : हबीबा, चाळीस वर्षं झाली त्याला. तू कधी काही बोलली नाहीस.

हबीबा : मी दुकानात का येत नाही, ते तुम्ही कधी विचारलंत?

अब्दुल : तुला आवडत नाही तिथली वर्दळ. तूच म्हणायचीस.

हबीबा : मी नाही, तुम्ही म्हणायचात. रमशा, तू ऐक, तुझ्या अब्बांना आठवणार नाही. फहाद पोटात होता. मी डबा घेऊन गेले होते. एक बाई मुलीला घेऊन आली होती, तिनं शोकेसकडे बोट करून विचारलं, ही कोण हो, केवढी सुंदर. मी तिच्या शेजारी उभी. डबा माझ्या हातात. तुझ्या अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, आहे एक ओळखीतली.

रमशा : अब्बा?

अब्दुल : मला… मला खरंच आठवत नाही.

हबीबा : मला आठवतं. डबा टेबलावर ठेवला आणि निघाले. त्यानंतर तुमचा डबा तुमच्या चुलत्याबरोबर यायला लागला. तुम्हाला वाटलं, दिवस भरत आलेत म्हणून येत नसेल. मला त्या बाईचा राग आला नाही. मला वाटलं, आता हा माणूस मला दुकानात ओळख दाखवू शकणार नाही, कारण लोकांना त्यानं दुसरीच दाखवून ठेवलीय.

अब्दुल : मी तुझ्यासाठी केलं होतं ते.

हबीबा : ठाऊक आहे. म्हणून तर तेव्हा भांडता आलं नाही. वाईट वागला असतात तर भांडले असते.

रमशा : अम्मी, बस ना तू.

हबीबा : उभी ठीक आहे. मला ती पोरगी माहीत नाही, मी तिला एकदा ईदला बघितलं असेल. पण जे मला फहाद पोटात असताना बोलायला जमलं नाही, ते ती त्याच्याच समोर बसून बोलली.

अब्दुल : निगेटिव्ह आहे अजून. पत्र्याच्या ट्रंकेत. मी तो साधा काढून देतो तुला, जसा होता तसा.

हबीबा : मला आता फोटो नको. या वयात कोण बघणार तो. तिची खुर्ची तिला राहू द्या.

अब्दुल : रमशा, तिला फोन लाव. मोठ्यानं कर, मला नीट ऐकू येत नाही.

(रमशा फोन लावते आणि अब्दुलच्या समोर टेबलावर ठेवते.)

मनिषा : बोला, रमशाताई.

अब्दुल : मी आहे. चाचा.

मनिषा : सलाम, चाचा.

अब्दुल : बेटा, तू आत्ता घरी जा. पडघ्याची गाडी मिळेल तुला. उद्या मी येतो दुकानात, फहादला समजावतो. मग तू परवापासून ये.

मनिषा : न्हाय, चाचा.

अब्दुल : मी शब्द देतोय तुला.

मनिषा : तुमच्या शब्दाचं काय न्हाय. आज उठले तर उद्या या खुर्चीवर दुसरा बसेल, आणि तो बसायच्या आधी चांदनी चालू झालेली असेल. या सहा जणींचे फोटो आजच गेले पायजेत. त्या पण उन्हात उभ्या राहतील मग, भरतीला. सात वाजता माझी ड्युटी संपते. सातला मी जाईन. मग कायमची जा म्हणाले तर कायमची जाईन.

अब्दुल : फहादनं लाइट बंद केले तर?

मनिषा : बघितलं त्यांनी ते पण करून. मग मशीन तापलेलं होतं, बिघडेल म्हणून परत लावले.

अब्दुल : तू म्हणालीस म्हणे, चाचांचंही चुकलं असेल तर चुकलं.

मनिषा : म्हणाले. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर त्याची माफी मागते. म्हणाले त्याची न्हाय मागत.

हबीबा : ऐकलंत?

अब्दुल : ऐकलं. मनिषा, फहाद आहे का तिथे?

मनिषा : हायेत. दाराशी.

अब्दुल : तुझा फोनही मोठ्यानं कर. फहाद, मी बोलतोय. मध्ये बोलू नकोस, माझं झालं की बोल. कुणाल गेला, ते मला कळलं. अजून दोघे-तिघे जातील. जाऊ देत. तू तिला सांगितलंस की हे दुकान अब्बांनी याच्यावरच उभं केलं. खरं आहे. चांदनी तुझी नाहीच. ती माझी आहे. मी ती पुठ्ठ्यानं करायचो, तू मशीननं केलीस. मी एकेकाला करायचो, म्हणून मला ती माया वाटत राहिली. तू सगळ्यांना सरसकट केलीस, तेव्हा कुठे ती काय आहे ते दिसलं. दिसलं तेही मला नाही, एका पोरीला दिसलं. ऐकतोयस ना?

मनिषा : ऐकतायत, चाचा.

अब्दुल : दुकान तुझं आहे. तुला ते सेटिंग चालवायचं असेल तर चालव, मी अडवायला येणार नाही. पण बोर्डावर माझं नाव आहे. मोठ्या अक्षरात आहे, मीच रंगवून घेतलंय. शिडी लाव, ते नाव खाली उतरव आणि मग चांदनी लाव. माझ्या नावाखाली यापुढे कोणाला दुसरंच माणूस करून द्यायचं नाही. आणि शोकेसमधला तुझ्या अम्मीचा फोटो आजच काढून ठेव. तो मी घरी नेणार आहे. नेऊन ट्रंकेत टाकणार आहे. आता बोल.

रमशा : काय म्हणतोय, मनिषा?

मनिषा : बाहेर बोर्डाकडे बघतायत.

हबीबा : त्याला वेळ लागतो. लहानपणापासून तसाच आहे. थांबा.

अब्दुल : थांबलोय.

रमशा : अब्बा, पाणी आणू?

अब्दुल : पाणी नको. फोनकडे बघ.

मनिषा : चाचा.

अब्दुल : बोल.

मनिषा : शिडी न्हाय मागितली त्यांनी. शोकेस उघडलीय. फोटो काढला. काउंटरवर पालथा ठेवला.

अब्दुल : आणि शटर?

मनिषा : आता वर करतायत. आवाज येतोय का तुम्हाला?

हबीबा : येतोय.

अब्दुल : तुला काही म्हणाला?

मनिषा : म्हणाले, सातनंतर बोलू. चेहरा रागाचाच हाय. पण माझ्या खुर्चीकडे आले न्हाईत, काउंटरवर जाऊन बसलेत. फॉर्म घेतायत मुलींचे.

रमशा : मी येते लगेच. काउंटरवर त्याला काही सापडणार नाही.

हबीबा : मी पण येते.

अब्दुल : तू?

हबीबा : मी. तुमची काठी दाराशी आहे, तुम्हाला यायचं तर या. फार चढ नाही त्या रस्त्याला.

मनिषा : चाचा, फोन ठेवू? पहिली मुलगी बसलीय समोर.

अब्दुल : नको ठेवूस. असू दे चालू. तू तुझं काम कर.

मनिषा : बरं. गे, इकडं बघ, लेन्सकडे. खांदे सोड. मान वर कर. अजून वर. हां. आता अशीच.